ठसा, झीज आणि डाग

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या पंधरवड्यात सत्संगात एका ताईंनी प्रश्न विचारला होता, आठवत असेल. "दुसऱ्याला सुधारायचा अधिकार आपल्याला कधी असतो?" तेव्हा वेळ संपत आली होती, आरतीची घाई झाली आणि प्रश्न तसाच राहिला. त्यावर या अंकासाठी काही लिहा, असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. टाइप एकीने केलंय, पण ज्या चुकीबद्दल लिहितोय ती दोघांची आहे. म्हणून 'आम्ही' असंच लिहितो.

खरं सांगायचं तर या प्रश्नाकडे आमचं लक्ष पोथी वाचताना गेलं नव्हतं. अमेरिकेत, ओहायोमध्ये, मुलाच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरलेली एकेक सेंटची नाणी बघताना गेलं. हसू येईल, पण शेवटपर्यंत वाचा.

२०२४ साली आम्ही पाच महिने मुलाकडे होतो. नातू अकरा वर्षांचा. त्याला आणि त्याच्या बाबाला नाणी शोधायचा नाद. तिकडे एक सेंटच्या नाण्याला पेनी म्हणतात. तेव्हा बँकेत पंचवीस डॉलर दिले की पेन्यांचा एक बॉक्स मिळायचा. त्यात कागदात गुंडाळलेले पन्नास रोल, एकेका रोलमध्ये पन्नास पेन्या, म्हणजे सगळी मिळून अडीच हजार नाणी. शुक्रवारी संध्याकाळी बॉक्स यायचा. टेबलावर टॉवेल अंथरायचा, दिवा जवळ ओढायचा आणि एकेक नाणं कडेला धरून भिंगाखाली बघायचं. हवं ते बाजूला काढायचं, बाकीची पुन्हा रोलमध्ये भरून बँकेत परत द्यायची. तीही दुसऱ्या बँकेत, नाहीतर तीच नाणी फिरून आपल्याच घरी यायची!

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, काय हा रिकामा उद्योग. पण नातवाजवळ बसायला मिळतं म्हणून बसलो, आणि बघता बघता आम्हालाही चटक लागली.

आमचा समज असा की जुनं नाणं म्हणजे मोलाचं. नातवाने आम्हाला दुरुस्त केलं. नुसतं जुनं असून भागत नाही, त्याचा ठसा ठसठशीत हवा. टांकसाळीत वर एक आणि खाली एक असे कोरलेले पोलादी साचे असतात, मधे धातूची कोरी चकती. क्षणभर प्रचंड दाब पडतो आणि चकतीचं नाणं होतं. दाब पुरेसा असेल, साचा नवा असेल, तर लिंकनच्या दाढीचा केस न् केस उठतो. साचा झिजलेला असेल किंवा दाब कमी पडला असेल, तर नाणं जन्मतःच पुसट. ते एकदाही बाजारात गेलेलं नसतं, तरी पुसट.

लिंकनचा चेहरा या पेनीवर १९०९ साली आला, त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा. १९५८ पर्यंत मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या होत्या, पुढे १९५९ ते २००८ लिंकनचं स्मारक. त्या स्मारकाच्या खांबांमधे भिंगाने पाहिलं तर बसलेल्या लिंकनचा इवलासा पुतळा दिसतो. तो नीट दिसला की नातू खुर्चीवरून उडी मारायचा. अडीच हजारांतून त्याच्या पसंतीला उतरायची ती पाच-सात.

हळूहळू तो आम्हाला तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकवत गेला. शब्द आमचे आहेत, धडा त्याचा.

पहिली, ठसा. नाणं जन्मताना त्यावर जे उमटलं ते. चांगलं उमटलं तर श्रेय नाण्याचं नाही, पुसट उमटलं तर दोषही नाण्याचा नाही.

दुसरी, झीज. नाणं हजारो हातांतून जातं, खिशात किल्ल्यांबरोबर खुळखुळतं, आणि त्यावरचा उंच भाग आधी गुळगुळीत होतो. लिंकनचं गालाचं हाड, मग दाढी, मग कान. झीज म्हणजे केलेल्या कामाची खूण.

तिसरी, डाग, म्हणजे झालेली इजा. ओरखडा, खोच, गंज. कुणी टोचलं म्हणून, कुणी ओलाव्यात ठेवलं म्हणून. यातली एक गोष्ट ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अगदी नव्या कोऱ्या, कुणाच्या हाताला न लागलेल्या पेनीवरही बारीक ओरखडे असतात. का? तर टांकसाळीतून बाहेर पडताना, पिशवीत भरताना, नाणी एकमेकांवर आपटतात. बाजाराने इजा करायच्या आधी भावंडांनीच केलेली असते. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं, तसंच हे.

नाण्यांना मार्कही देतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तिकडच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली, तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. ६० च्या वरचे मार्क फक्त बाजारात न वापरलेल्या नाण्याला. हे ऐकून आजोबा चिडलेच. "म्हणजे जे कधी कुणाच्या उपयोगी पडलं नाही, त्याला पहिला नंबर? आणि ज्याने साठ वर्षं लोकांची भाजी-भाकरी आणून दिली ते नापास?" नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, हे मार्क नाणं कसं दिसतं त्याचे आहेत. त्याने काय काम केलं त्याचे नाहीत."

आपण घरात, नात्यात, आपल्या केंद्रातसुद्धा माणसांना मनातल्या मनात मार्क देत असतो. त्यात ठसा, झीज आणि डाग यांची किती सरमिसळ होते! एखादी काकू कडवट बोलते, आपण म्हणतो स्वभावच तसा. असेलही. किंवा वीस वर्षं आजारी माणसाची सेवा करून झिजली असेल. किंवा कुणीतरी घरचंच तिच्यावर आपटलं असेल. भिंगातून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आपण लांबूनच मार्क देऊन मोकळे होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता. आता चुकीकडे येतो.

नातवाकडे १९४४ सालची एक पेनी होती. दीड वर्षात रोलमधून निघालेल्या ओंब्यांच्या पेन्यांत सगळ्यात स्वच्छ ठशाची. ओंबीची एकेक रेघ मोजून घ्यावी अशी. पैशात फार किंमत नव्हती तिची, पण तिची गोष्ट त्याला फार प्रिय. १९४३ साली युद्धासाठी तांबं लागत होतं म्हणून पेनी पोलादाची पाडली, आणि १९४४ ते ४६ च्या पेन्यांसाठी तर वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या टोप्यांचा धातूही कामाला आणला. बंदुकीतून सुटलेल्याचं नाणं झालं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. रंग मात्र काळपट तपकिरी, ऐंशी वर्षांचं तांबं दुसरं कसं असणार?

गुरुवार होता. पूजेचं ताम्हन आणि पळी-पंचपात्री चिंच-मिठाने घासायला घेतली होती. खिडकीत नातवाचा ट्रे, त्यात ती पेनी. मनात आलं, पोराची एवढी लाडकी, आणि किती काळवंडलीय! दुसऱ्याने दुजोरा दिला, "घास, घास, शाळेतून आला की खूश होईल." दोन मिनिटांचं काम. पेनी अशी लखलखली, जणू आजच पाडलीय. पुसून, कोरडी करून जागच्या जागी ठेवली आणि चहा घेत त्याची वाट बघत बसलो.

तो आला. ट्रेकडे बघून थांबला. पेनी कडेला धरून भिंगाखाली नेली, खूप वेळ बघितली. रडला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "आजी, तिची स्किन गेली."

मुलाने रात्री समजावून सांगितलं. ठसा उमटताना दाबाखाली धातू सरकतो, त्याच्या नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा राहतात. नव्या नाण्यावर उजेड चाकासारखा फिरतो तो त्या रेघांमुळे. पुढे हवेने जो तपकिरी थर चढतो तो मळ नसतो, ती नाण्याची कातडी. चिंचेच्या आंबटाने तो थर विरघळला, मिठाच्या खड्यांनी खालच्या रेघा ओरबाडल्या. उरली ती नुसत्या तांब्याची चमक. आपल्याला तीच छान वाटते, पण जाणकार एका नजरेत ओळखतो. वर्षांनी नाणं पुन्हा तपकिरी होईल, पण पहिल्यासारखं नाही. नाणी जमवणाऱ्यांचा पहिला नियमच असा की नाणं कधी घासायचं नाही.

"तुम्हाला माहीत नव्हतं," मुलगा म्हणाला. खरंय, माहीत नव्हतं. पण विचारता आलं असतं. नातू चार वाजता घरी येणार होता. आम्हाला तेवढाही धीर धरवला नाही, कारण त्याचा आनंद बघायचा होता तो आम्हाला.

त्याच संध्याकाळी पाणी घ्यायला आम्ही स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई डाव्या हाताने भाजी परतत होती. आमची चाहूल लागली आणि डाव उजव्या हातात गेला.

आमची सून डावखुरी. २०१० साली लग्न होऊन इंदूरच्या घरी आली. त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना पंगतीत तिने डाव्या हाताने वरण वाढायला घेतलं. एका जेष्ठ नातेवाईक बाईंनी भुवया उंचावल्या. आम्ही तिला आत बोलावून सांगितलं, "आपल्याकडे हे चालत नाही." मग रोजचा सराव. या वाटीतलं पाणी त्या वाटीत, उजव्या हाताने. एकदा गरम आमटी तिच्या मनगटावर सांडली, तेव्हाही आम्ही बर्फ दिला आणि म्हणालो, "होईल गं सवय." झाली सवय. आम्हाला वाटलं, पोरीला वळण लावलं. चार जणांत सांगायचोसुद्धा, किती लवकर शिकली.

चौदा वर्षं ती आम्हाला बघून हात बदलत होती. आम्ही ते हजारदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. डावा हात हा डाग नव्हता, तो ठसा होता. टांकसाळ आमची नव्हती, तिच्या निर्मात्याची होती. आणि आम्ही चिंच-मीठ घेऊन बसलो होतो.

जेवणं झाल्यावर तिला म्हणालो, "अगं, तू डाव्या हाताने वाढत जा. आमचं चुकलं." ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, मी आता मुद्दाम करतच नाही. तुम्ही आलात की हात आपोआप बदलतो." थोड्या वेळाने म्हणाली, "पण बोललात ते बरं वाटलं." दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे तिने उजव्याच हाताने वाढले.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. कुणी विचारेल, मग काय मुलांवर संस्कारच करायचे नाहीत? सद्गुरूही साधकाला घासून-पुसून लख्ख करतात, असं आपणच तर म्हणतो. आम्हीही यावर पुष्कळ विचार केला, आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. त्या गुरुवारी एकाच चिंचेने आम्ही ताम्हनही घासलं आणि पेनीही घासली. धातू एकच, तांबं. पण ताम्हन उजळलं आणि पेनी बिघडली. ताम्हन हे भांडं आहे. पूजेचं गंध, तूप, काजळी त्यावर बसते, ती बाहेरून आलेली असते, ती काढायलाच हवी. पेनीचं सगळं असणंच तिच्या पृष्ठभागावर आहे. तिथे घासलं की तीच घासली जाते. म्हणजे घासणं चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कशावरून हात फिरवतोय, हे आधी बघायला हवं.

खोटं बोलणं, आळस, दुसऱ्याचं हिसकावणं, ही काजळी आहे. ती पोरांच्या अंगावर बसू देऊ नये, बसली तर काढावी. त्यात कुचराई करणारे आई-बाप प्रेमळ नव्हेत. पण कुणी हळू बोलतं, कुणी मोठ्याने हसतं, कुणाला गर्दी नको वाटते, कुणाचा हात डावा, ही काजळी नव्हे.

आणि गुरूंचं म्हणाल, तर त्यांच्याकडे आपण आपल्या पायांनी गेलो, हात जोडून गेलो, 'मला घडवा' म्हणून गेलो. सूनबाई आमच्याकडे संसार करायला आली होती, घडवून घ्यायला नव्हे. शिवाय सद्गुरूंना आपल्या चकाकण्यातून स्वतःसाठी काही मिळवायचं नसतं. आम्हाला मिळवायचं होतं, पंगतीतल्या लोकांची पसंती. दोन्हीकडे तेच केलं आम्ही. न विचारता घासलं, आणि स्वतःच्या समाधानासाठी घासलं.

इंदूरला परत आल्यावर दिवाळीत लक्ष्मीपूजनाची नाणी काढली. आमच्या आजेसासूबाईंच्या वेळची, होळकर संस्थानची तांब्याची चार नाणी आहेत त्यात. दर वर्षी ती चिंचेने घासायची, हा घरचा रिवाज. या वेळी भिंगाने पाहिली. अक्षरं जवळजवळ सपाट. बाजारातल्या वापराने नव्हे, कारण कित्येक वर्षं ती देवघराबाहेर गेलेलीच नाहीत. आमच्याच घरच्या हातांनी, मनोभावे, वर्षातून एकदा थोडी थोडी पुसली. आता आम्ही त्यांना नुसतं पाणी दाखवतो आणि मऊ फडक्याने टिपून घेतो. लक्ष्मी रागावलेली नाही.

मागच्या वर्षी, १२ नोव्हेंबर २०२५ ला, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत व्यवहारातली शेवटची पेनी पाडली गेली. एक सेंटचं नाणं पाडायला २०२४ साली ३.६९ सेंट खर्च येत होता, म्हणून सरकारने थांबवलं. जुन्या पेन्या अजून चालतात. नातवाचा व्हिडिओ कॉल आला. आपला संग्रह एकेक करून दाखवत होता. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत, त्यावर साल आणि त्याच्या मते मार्क. मधेच ती चकचकीत पेनी दिसली. टाकली नव्हती त्याने. वर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, '१९४४, घासलेली'. मार्कांची जागा रिकामी.

आम्ही विचारलं, "अरे, ठेवलीस का मग?" म्हणाला, "आजी, ती १९४४ चीच आहे ना अजून."

मागून सूनबाई फोनच्या चौकटीत आली, हात हलवला. कुठला हात, ते बघायचं आम्ही टाळलं. तिचा हात, तिची मर्जी.

*या आठवड्यात घरच्या सत्संगात बोलण्यासाठी*

१. आपल्या घरात कुणाचा ठसा आपण डाग समजून घासत आलो आहोत?

२. कुणाची झीज आपण स्वभाव म्हणून हिणवतो? ती कोणाच्या कामासाठी झाली?

३. केंद्रात तीर्थ घेताना लहान मुलाचा डावा हात पुढे आला, तर आपण काय करतो? हातावर चापटी मारतो, की उजवा हात का ते प्रेमाने समजावतो? आणि तीर्थ घेऊन झाल्यावर ते मूल डाव्या हाताने चित्र काढू लागलं तर?

कुणाला आमचं म्हणणं पटलं नाही तर मोकळेपणाने सांगावं, पुढच्या अंकात त्यावरही लिहू. शक्य असेल तर आज एका माणसाला एवढंच विचारा, "माझ्यासमोर तू काही बदलतोस का?" उत्तर यायला वेळ लागेल, आपण थांबू.

चूकभूल क्षमस्व.

जय गुरुदेव.

– इंदूर परिवारातले सेवेकरी दांपत्य